बारा-तेरा वर्षं उभी असलेली पद्मिनी : सुरुवात कुठून करायची आणि कोणाला सोबत घ्यायचं

सेलूजवळच्या गावातून प्रश्न आला आहे. वडिलांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी शेतातल्या आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये 2012 पासून उभी आहे. आरसी बुक घरात आहे, बॅटरी कधीच गेली, इंजिन फिरतं की जाम आहे हे कोणी पाहिलेलं नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, भंगारात घाला नाहीतर दुसऱ्या गाडीचं इंजिन टाका. विचारणाऱ्याला गाडी मूळ इंजिनावरच चालवायची आहे. सुरुवात कुठून करू आणि आपल्या भागात मदत कोणाची मिळेल, असे दोन प्रश्न आहेत.

गाडी होईल. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन, एक कार्बोरेटर, ठिणगीसाठी पॉइंट आणि कंडेन्सर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. लेथ, गॅस वेल्डिंग आणि हातातलं कसब यांच्या पलीकडचं त्या गाडीत काही नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 मध्ये ती फियाट 1100 डिलाइट म्हणून सुरू झाली, 1974 पासून पद्मिनी झाली, आणि साधारण 2000 पर्यंत मूळ ढाचा फारसा न बदलता निघत राहिली. म्हणून सुट्या भागांचा साठा अजून आहे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरल्या. तोवर त्यांच्यासाठी भाग बनवणारे आणि विकणारे होतेच. त्यातलं बरंच आजही दुकानांच्या माळ्यांवर पडलेलं आहे.

तुमच्या मेकॅनिकवर रागावू नका. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे. अशा गाडीत पाना चालवण्याचं काम थोडं आणि शोधाशोध, साफसफाई, मोजमाप, चौकशी फार. एका व्हील सिलिंडरच्या रबरासाठी चार फोन आणि दोन दिवस जातात, आणि ते दोन दिवस कुठलंही गॅरेज बिलात लावू शकत नाही. हा वेळ गाडीच्या मालकाने आणि त्याच्यासारख्या वेड्या माणसांनी वाटून घ्यायचा असतो. मराठवाड्यात जुन्या गाड्या ज्यांच्याकडे धडधाकट आहेत, त्यांच्याकडे पैसा जास्त आहे असं मला कुठे दिसलं नाही. त्यांच्याकडे विचारायला माणसं आहेत.

आता पहिली गोष्ट. नवी बॅटरी लावून सेल्फ मारू नका, आणि ट्रॅक्टरला बांधून ओढून तर मुळीच सुरू करू नका. एवढी वर्षं उभ्या गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान या पहिल्या अर्ध्या तासात होतं. सिलिंडरच्या भिंतींवर गंज असतो, रिंगा चिकटलेल्या असतात, आणि एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो. जोर लावून फिरवलं की पुशरॉड वाकतो किंवा रिंग तुटते. दोनशे रुपयांच्या तेलात सुटणारं काम मग सिलिंडर बोअर करून घेण्यावर जातं.

चारही स्पार्क प्लग काढा. काढण्याआधी प्लगच्या खळग्यातली धूळ हवा मारून उडवा, नाहीतर ती थेट पिस्टनवर पडते. प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून दोन-तीन चमचे सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मधल्या वेळात वरचं रॉकर कव्हर उघडा. आठही रॉकर दिसतील. मग क्रँकच्या पुलीवर पाना लावून, हँडल असेल तर हँडलने, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हलकेच फिरवा. अडलं तर मागे घ्या, पुन्हा पुढे. दुसऱ्या माणसाने रॉकरवर नजर ठेवायची: प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जातो तसा वर परत येतोय का? एखादा खालीच राहिला तर तिथेच थांबा, त्याच्या दांड्यावर तेल सोडा, प्लॅस्टिकच्या हातोडीने वरून हलके टोले द्या. सुटतो. सुटला नाही तर हेड उतरवायचं, पण फिरवायचं नाही.

इंजिन मोकळं फिरायला लागलं की जुनं ऑइल काढा. सावकाश निघू द्या आणि तळाशी काय येतं ते पांढऱ्या कापडावर बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, चमचम असेल तर बेअरिंगचा धातू आहे. शक्य असेल तर तेलाचा चेंबर उतरवून आतला डांबरासारखा गाळ पुसून घ्या. नवं ऑइल 20डब्ल्यू-50, साधं मिनरल. महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनाला नको, ते जुन्या सीलमधून झिरपतं. नंतर बॅटरी जोडून, प्लग बाहेरच ठेवून, सेल्फ थोडा थोडा मारा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत प्लग बसवायचे नाहीत.

बॅटरी जोडण्याआधी वायरिंग. आखाड्यावर उभ्या गाडीत उंदीर असतातच. डॅशबोर्डच्या मागे, फ्यूजच्या डब्याजवळ आणि मागच्या सीटखाली बघा. सरकीचा भुसा आणि कुरतडलेलं कापड सापडलं की त्या भागातली वायर उघडी पडलेली आहे असं धरूनच चाला. बॅटरीची निगेटिव्ह वायर थेट लावू नका. मध्ये बारा व्होल्टचा हेडलाइटचा बल्ब जोडा. सगळी बटणं बंद असताना बल्ब लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि वायर जळण्याऐवजी फक्त दिवा लागेल. हा बल्ब लावायला पाच मिनिटं लागतात आणि त्याने कित्येक गाड्या आगीतून वाचवल्या आहेत.

पेट्रोलच्या टाकीकडे वळण्याआधी ब्रेकबद्दल बोलतो, कारण सगळे उलटा क्रम धरतात. इंजिन सुरू झालं की आनंदाच्या भरात कोणीतरी गाडी गल्लीत काढतंच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि बारा-तेरा वर्षांत त्याने व्हील सिलिंडर आतून खाल्लेले असतात. चारही ड्रम उतरवा. सिलिंडर उघडून आतून बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तर नवं रबर चालेल, खड्डे लागले तर नवा सिलिंडर घ्या किंवा लेथवर स्लीव्ह टाकून घ्या. मास्टर सिलिंडरचं किट, रबरी होज, गंजलेल्या धातूच्या नळ्या, सगळं एकदाच बदला. इथे काटकसर नको. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा. हे काम एकट्याचं नाहीच. एक जण आत बसून पेडल दाबतो, दुसरा खाली निपलला पाना लावून बसतो, आणि ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ एवढ्या तीन शब्दांवर दोघांचं जमावं लागतं. ‘धर’ म्हटल्यावर पेडल सुटलं तर हवा परत आत. नव्या मित्राला मी पहिल्यांदा हेच काम देतो. तासाभरात गाडी आणि माणूस दोन्ही कळतात.

टायर दिसायला चांगले असले तरी त्यांवर जाऊ नका. बाजूला चार आकडी शिक्का असतो, 2306 म्हणजे 2006 सालचा तेविसावा आठवडा. भेगा नसल्या तरी इतका जुना टायर मे महिन्यातल्या डांबरावर फुटतो.

आता पेट्रोल. टाकी उतरवून रिकामी करा. आत वार्निशसारखा वास आणि चिकट थर असेल. टाकीत मूठभर बारीक नट-बोल्ट आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल टाकून दोघांनी धरून हलवा, ओता, पुन्हा भरा. टाकीला गळती दिसली तरी वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. इंजिन पहिल्यांदा चालवताना टाकी जोडूच नका. पेट्रोलची लहान बाटली बॉनेटजवळ सलाइनसारखी उंच टांगून थेट कार्बोरेटरला द्या, आणि आग विझवायचं सिलिंडर किंवा निदान वाळूची बादली हाताशी असू द्या.

तुमची गाडी उभी राहिली तेव्हाचं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल वेगळं आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. आपल्याकडच्या लातूर, धाराशिव, बीड, परभणीच्या उसाचा त्यात वाटा आहे, पण 1984 च्या रबराला ते मानवत नाही. एसी पंपाचा, म्हणजे इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा, जुने पेट्रोल होज, कार्बोरेटरची पॅकिंग ही सगळी फुगतात किंवा भुसभुशीत होतात. इथेनॉलला चालणारेच होज मागा, आणि पंपाचं किट घेताना पडदा नव्या मालाचा आहे का ते विचारा. इथेनॉल जुना मळही सोडवतं, म्हणून पहिले काही महिने फिल्टर वारंवार बदलावा लागतो. मिश्रण थोडं हलकं पडतं. प्लगचं टोक पांढरट दिसायला लागलं तर कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा लावून बघा, विटकरी रंग आला की बरोबर. आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धवट टाकी सगळ्यात वाईट.

उन्हाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मराठवाड्यातल्या जुन्या गाडीची निम्मी दुखणी तिथलीच असतात. परभणी-नांदेडकडे पारा 42-43 ला जातो. रेल्वे फाटकावर गाडी थांबते, फाटक उघडतं आणि गाडी सुरू होत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुरू होते. सगळे म्हणतात पेट्रोलची वाफ झाली. पंप इंजिनच्या ब्लॉकलाच बसवलेला, त्यात इथेनॉल, म्हणून वाफ होतेच. पण तापलेला कंडेन्सर किंवा कॉइल नेमकी हीच लक्षणं दाखवतात, आणि त्यात लोक महिनोन्महिने पंप बदलत बसतात. गाडी बंद पडली त्याच क्षणी, थंड होण्याआधी, एक प्लग काढून वायरला लावा, पत्र्याला टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. निळी ठिणगी आली तर दोष पेट्रोलचा. पिवळी, कमजोर आली किंवा आलीच नाही तर कंडेन्सर बदला, मग कॉइल बघा. पेट्रोलचा दोष निघाला तर पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये बेकलाइटचं जाड पॅकिंग घाला, सायलेन्सरजवळून जाणारी पेट्रोलची नळी लांबून वळवा. तात्पुरता उपाय म्हणून पंपावर ओलं फडकं आजही चालतं. मी डिकीत कंडेन्सर आणि पॉइंटचा जादा सेट कायम ठेवतो. आजकाल कंडेन्सरचा दर्जा घसरला आहे, डबीत नवा आलेला कंडेन्सरही पहिल्याच दिवशी दगा देऊ शकतो. जुना चालू कंडेन्सर फेकू नका.

गाडी तापण्याचं खरं कारण मात्र पाणी आहे. आपल्या बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या पातेल्यातही पांढरा थर धरतो. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं गेलेलं असतं. रेडिएटर उतरवून रॉडिंग करणाऱ्याकडे द्या, वरची-खालची टाकी उघडून प्रत्येक नळीतून सळई फिरवून घ्या. ब्लॉकचा नळ उघडून मागचा गाळही काढा. तिथून बहुधा पाणी येतच नाही, तार घालून मोकळं करावं लागतं. नंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला पटत नाही. थर्मोस्टॅट नसला की हिवाळ्यात इंजिन थंडच चालतं, तेलात पाणी साचतं, आणि उन्हाळ्यात तापायचं ते तापतंच, कारण मूळ रोग रेडिएटरमध्ये असतो.

पत्रा आणि रंग शेवटी. काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आत आणि खालच्या पोकळ पट्ट्यांत भरून राहतो आणि ओल धरून ठेवतो. वरून रंग चकचकीत आणि पायाखालचा पत्रा पापडासारखा, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. मॅट उचलून पेचकसने टोचून बघा. सडलेला पत्रा आधी वेल्ड करून घ्या. रंगाचे पैसे इंजिन आणि ब्रेक झाल्यावरच काढा, कारण ज्या गाड्या आधी रंगवल्या जातात त्या बहुतेक रंगवून तशाच उभ्या राहतात.

मदतीचा प्रश्न. तुमच्या आसपासच निवृत्त एसटी मेकॅनिक असतील. चिकलठाण्याची मध्यवर्ती कार्यशाळा आणि प्रत्येक विभागाची कार्यशाळा मिळून एसटीने आपल्याकडे दोन पिढ्या कारागीर घडवले. किंगपिन बसवणं, ब्रेक लायनर रिव्हेट करणं, ड्रमला कान लावून बेअरिंग ओळखणं यांत या काकांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांना गॅरेजमध्ये बोलवू नका, गाडीकडे घेऊन या, खुर्ची टाका, सावली करा आणि पाना तुम्ही चालवा. कार्बोरेटरसाठी जुना दुचाकीवाला मेकॅनिक शोधा. चारचाकीच्या नव्या पोरांनी कार्बोरेटर पाहिलेला नसतो, पण पन्नाशीतल्या दुचाकीवाल्याने हजारो उघडलेले असतात. व्हॉल्व्ह घासायला आणि हेड फेसिंगला ट्रॅक्टर आणि डिझेल पंपाची इंजिनं करणारा लेथवाला उत्तम. बुश, पिन, विशिष्ट मापाचं रबर लागलं तर वाळूजच्या छोट्या कारखान्यांत नमुना दाखवून करून मिळतं. मात्र पाच-दहा नग एकदम मागावे लागतात, आणि इथेच बाकीचे पद्मिनीवाले लागतात. पाच जणांनी मिळून बुश करून घेतले तर एकाला परवडणाऱ्या भावात पडतात.

तुम्ही सेलूत आहात हे सोयीचं आहे. मनमाड-सिकंदराबाद मार्ग दारातूनच जातो. सिकंदराबादचं राणीगंज एका बाजूला, मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार दुसऱ्या बाजूला, आणि पुण्यात नाना पेठ. कोणीतरी ओळखीचं जातच असतं. त्याच्या हातात जुना भाग द्या, फोटो नको. फोटोवरून आणलेलं व्हील सिलिंडर दिसायला तेच असतं आणि व्यासाने निघतं वेगळं.

या हौशी लोकांत वावरायची एक रीत आहे, ती पाळली तर दारं उघडतात. ‘गाडी सुरू होत नाही, काय करू?’ असं विचारू नका. ठिणगी पाहिली का, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतं का, गरम असताना होतं की थंड असताना, काय बदललं त्यानंतर सुरू झालं, एवढं सांगून विचारा. मग परभणीतून, नांदेडहून, कुठूनही लोक फोनवर तासभर बोलतील. उत्तर मिळून काम झालं की काय निघालं ते परत कळवा. लोक हेच विसरतात आणि पुढच्या माणसाला तीच वाट पुन्हा चालावी लागते. कोणाचा पुलर, टायमिंग लाइट, कॉम्प्रेशन गेज आणलात तर पुसून, वेळेत परत करा. आणि मित्र वेळ फुकट देतात म्हणून कारागिराकडे घासाघीस करू नका. त्याचं पोट त्या वेळेवर आहे. त्याला पुरे पैसे दिले तर पुढच्या वेळी तो तुमचं काम आधी घेईल.

इंजिन बदलण्याच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं तर आरटीओत नोंद लागते, माउंटिंग आणि गिअरबॉक्सची जोडणी खास करावी लागते, आणि पुढे बिघाड झाला की कुठल्याच पुस्तकात उत्तर सापडत नाही. मूळ इंजिन राखा.

कागदपत्रं इंजिन उघडण्याच्या दिवशीच सुरू करा, त्यांना वेळ लागतो. 1984 ची नोंद पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांची. शेवटचं नूतनीकरण 2009 मध्ये झालं असेल तर 2014 मध्ये संपलं. वडील हयात नसतील तर वारसाच्या नावे करायला फॉर्म 31, नूतनीकरणाला फॉर्म 25. जुनं पुस्तक संगणकात नसेल तर परभणीच्या आरटीओत आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागेल. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये कारसाठी 600 वरून 5,000 झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना 2025 मध्ये 10,000 झालं. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा, नवी सुरक्षित नंबर प्लेटही लागेल. दहा-पंधरा वर्षांनी गाडी बंद करायचा नियम दिल्लीकडचा आहे, आपल्याकडे नाही. व्हिंटेज म्हणून नोंद करायला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे तुमच्या गाडीला 2034.

आता तुम्ही एवढं करा. प्लग काढून एक-दोन-तीन-चार अशा क्रमाने कापडावर मांडा आणि चारही टोकं दिसतील असा फोटो घ्या. इंजिन मोकळं झालं की कॉम्प्रेशन गेज कोणाकडून तरी आणा, चारही सिलिंडरचे आकडे लिहा, मग प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. ऑइलने आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह, आणि शेजारचे दोन एकदम कमी आले तर हेड गॅस्केट. ते आठ आकडे, चारही व्हील सिलिंडरची आतली अवस्था आणि पायाखालच्या पत्र्याचा फोटो एवढं कळवा. हेड उतरवायचं की नाही ते त्यावरून ठरवू. आणि इंजिन हाताने मोकळं फिरेपर्यंत सेल्फला हात लावू नका.